सव्वासातचा सैतान

हेवी मेटलच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर ज्याचं नाव सर्वांत बारीक टायपात असतं, तोच स्टेजवर सर्वांत जास्त बोंबलतो. मुख्य बँड साडेआठला येणार असतो. प्रेक्षकही साडेआठलाच येणार असतात. पोलिसांची गाडी तर नऊच्या आधी फिरकत नाही. तरीही बरोब्बर सव्वासातला, गेटवर पोरांच्या मनगटाला कागदी पट्ट्या चिकटवणं चालू असताना, पाच तरुण तोंडं पांढरीफटक रंगवून स्टेजवर येतात आणि जगाचा अंत झाल्याचं जाहीर करतात. याला म्हणायचं ओपनिंग बँड. त्यातला जो माइकपाशी उभा असतो, तो व्होकलिस्ट, आपला नायक.

नमनाला घडाभर तेल घालू नये, असं आपल्याकडे म्हणतात. हा पिंपभर घालतो आणि वर काडी लावतो.

त्याच्या बँडचं नाव इथे आनंदाने दिलं असतं, पण ते कोणालाच वाचता आलेलं नाही. मेटल बँडचा लोगो जितका अवाचनीय तितका बँड अस्सल, असा त्या पंथात दंडक आहे. क्रिस्तोफ श्पायडेल नावाच्या बेल्जियन चित्रकाराने नॉर्वेच्या ‘एम्परर’पासून पुढे हजारो बँडना फांद्या-मुळ्यांच्या वळणाची अक्षरं काढून दिली. त्याला निदान अक्षरं ठाऊक होती. आपल्या नायकाचा लोगो त्याच्या मावसभावाने लॅपटॉपवर केला, आणि तो हरळीची जुडी मुळासकट उपटून भिंतीवर आपटावी तसा दिसतो.

हा लोगो आठ बाय चारच्या फ्लेक्सवर छापून घेण्यासाठी तो डोंबिवलीतल्या एका दुकानात गेला. दुकानदाराने फाइल उघडली, बंद केली, परत उघडली.

“भाऊ, फाइल करप्ट आहे.”

“नाही, डिझाइनच तसं आहे.”

“मग उलटं तर नाही ना?”

नायकाने मान तिरकी करून पाहिलं. त्याची स्वतःची खात्री होईना, म्हणून त्याने मावसभावाला फोन लावला. उलटंच होतं.

“बरं, फोटो कुठे टाकू? साहेबांचा वर, तुमचा खाली, आणि शुभेच्छुक कोण कोण?”

“फोटो नको. मधोमध फक्त कवटी.”

“कवटी कोणाची?” दुकानदाराने अगदी सहानुभूतीने विचारलं. शेवटी बिलावर त्याने ‘कै. बॅनर, १ नग’ असं लिहिलं आणि चारही कोपऱ्यांना रिंगा मारून दिल्या.

दिवसा हा माणूस एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. तिथे त्याचे केस अंबाड्यात असतात, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत उतरवलेल्या असतात, आणि ई-मेलच्या शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ असतं. इतका मृदुभाषी मुलगा आपल्या टीममध्ये दुसरा नाही, असं त्याची मॅनेजर सांगते. देवाधर्माचं राज्य संपल्याची द्वाही फिरवायला जायचं असतं त्या दिवशी तो हाफ डे टाकतो. कारण लिहितो, ‘घरी पूजा आहे’.

कार्यक्रमाला जाताना सगळा बँड लोकलच्या मालडब्यात चढतो, कारण सात तारांची गिटार घेऊन दुसऱ्या डब्यात शिरलं तर गिटार कुर्ल्याला उतरते आणि माणूस दादरला. ड्रमचा मोठा सेट आयोजक देतात, पण झांजा, स्नेअर आणि पायाचं डबल पेडल ड्रमरने आपलं आपण आणायचं, असा या धंद्यातला रिवाज आहे. फुटणाऱ्या-तुटणाऱ्या वस्तू ज्याच्या त्याने सांभाळाव्यात. तर या झांजांची गोल बॅग पाहून पाट्या रिकाम्या करून परतणाऱ्या एका कोळणीने विचारलं, “भजनाला चाललात काय रे?”

खरं सांगायला ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतचं अंतर पुरलं नसतं. नायक म्हणाला, “हो मावशी.”

“झांजा बऱ्याच मोठ्या दिसतात. आणि पेटी?”

“पेटीवाला दादरला चढतोय.”

“चांगलं आहे. नाहीतर आजकालची पोरं,” असं म्हणून मावशींनी त्यांच्या गिटारीसाठी पाटी बाजूला सरकवली.

संध्याकाळी पाचला रंगकाम सुरू होतं. प्रेतासारखी चेहरेपट्टी रंगवण्याची ही फॅशन, म्हणजे कॉर्प्सपेंट, नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनी १९९० च्या आसपास जगभर नेली. नॉर्वेत हिवाळा असतो, त्यामुळे तिथलं प्रेत शेवटच्या गाण्यापर्यंत टिकतं. मुंबईच्या दमट हवेत ते दुसऱ्याच गाण्याला वितळू लागतं. पांढरा रंग गळ्यात उतरतो, काळा रंग, जो आईच्या काजळाच्या डबीतून आलेला असतो, गालांवर ओघळतो, आणि सैतानाचा दूत बारावीच्या निकालानंतर बाथरूममध्ये रडून आलेला मुलगा दिसू लागतो. अंगात काळं लेदरचं जाकीट असतंच. बाहेर पारा चौतीसवर. जाकीट काढायचं नाही, हा त्याच्या व्रताचा भाग. त्यावरचे जगभरच्या बँडांचे बिल्ले आईने टिपून दिलेले आहेत. एका बिल्ल्यावरच्या बोकडाचं शिंग जरा उसवलं होतं, ते तिने कालच नीट केलं.

रक्ताची कृती त्याने बरीच माणसं खर्ची घालून सिद्ध केली आहे. ग्लुकोजचं सिरप, खायचा लाल रंग आणि वर चिमूटभर कोको पावडर, म्हणजे रंग भडक न दिसता वाळलेला वाटतो. दिसायला रक्त उत्तम. अडचण एवढीच की बाटली दोन तास बॅकस्टेजला ठेवली की मुंग्या लागतात. दुसऱ्या ओळीतला प्रेक्षक नायकाला आवेगाने थरथरताना पाहतो आणि भारावतो. खरं कारण जाकिटाच्या आत फिरत असतं.

आता स्टेज. बाहेरून पाहणाऱ्याला ते चाळीस फूट रुंद दिसतं. ओपनिंग बँडच्या वाट्याला त्यातला पुढचा पट्टा येतो. मुख्य बँडचा ड्रमसेट उंच चौथऱ्यावर साउंडचेक होऊन सज्ज असतो. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या पुढे यांचा ड्रमसेट, त्याच्या पुढे मॉनिटर, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत चार माणसांनी विश्वाचा विध्वंस करायचा. बेसिस्ट तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहूनच वाजवतो. मुख्य बँडने दुपारी दोन तास साउंडचेक केला, यांना मिळालं लाइन चेक. म्हणजे प्रत्येक वायरीतून काहीतरी आवाज येतोय ना, एवढीच चौकशी. दिवे निम्मे, आवाजही जरा आवरलेला, कारण सगळं आत्ताच उधळलं तर साडेआठनंतर उरलं काय? आठ बाय चारचा फ्लेक्स मुख्य बँडच्या वीस फुटी काळ्या पडद्याखाली मधोमध टांगलेला असतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, एसीची जाळी आहे.

वेळेचं गणित आणखी कठीण. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक मुंबईच्या प्रत्येक मेटलवाल्याला पाठ आहे. धोबी तलावच्या रंगभवनाचं काय झालं ते जुनी मंडळी अजून उसासे टाकून सांगतात. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ वर्षानुवर्षं त्याच उघड्या रंगमंचावर गाजला. पण इस्पितळं आणि कॉलेजं यांच्यापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला गेला, आणि रंगभवन या दोहोंच्या मध्ये होतं. तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. तेव्हापासून आयोजक घड्याळ दहाकडून उलटं मोजतो. मुख्य बँडला सव्वा तास हवा, त्याआधी स्टेज बदलायला अर्धा तास. जनरेटर उशिरा आला, पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले, कोणाची तरी वायर हरवली, तर ही सगळी वजाबाकी एकाच ठिकाणाहून होते. ओपनिंग बँडच्या चाळीस मिनिटांची तीस होतात, तिसाची बावीस.

बावीस मिनिटं मिळाली तर शहाणा माणूस काय करेल? चार गाणी वाजवेल आणि उतरेल. नायक गाणी कापतो, सोहळा कापत नाही. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात पावसाने आणि घंटानादाने झाली, तेव्हापासून घंटेवाचून मेटलचं पान हलत नाही. याच्या इंट्रोत पाऊस आहे, घंटा आहे, लांडगे आहेत, एक म्हातारी लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटते आहे (ही त्याची आजी. ती लॅटिन म्हणत नाहीये, ‘हे बंद कर रे’ म्हणतेय, पण आवाज उलटा फिरवलाय). एकूण साडेतीन मिनिटं. सगळं लॅपटॉपवरून वाजतं. अंधार, धूर, लांडगे ऐन रंगात, आणि स्पीकरमधून स्वच्छ, गोड ‘टिंग’. ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंय, पूजा झाली का?

मग नायक तोंड उघडतो.

जो आवाज येतो तो मानवी घशातून आलाय यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. ग्रोलिंग म्हणतात याला, आणि ते नुसतं ओरडणं नव्हे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर पडद्यासारख्या दोन घड्या असतात, त्या थरथरवून, पोटातून श्वास रेटून हा खर्ज काढायचा. चुकलं तर आठवडाभर घसा बसतो. म्हणून नायक कार्यक्रमाच्या आधी गार पाणी पीत नाही, तळकट खात नाही, आणि सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. इतका संयम शास्त्रीय संगीताच्या क्लासला दाखवला असता तर आज दोन राग आले असते, असं आईचं म्हणणं. रियाझ घरीच, कपाटात तोंड घालून, अंगावर दुलई घेऊन. तरी खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर आलेच. “अरे, तुमच्याकडे कोणाला उलट्या होतायत का? माझ्याकडे गोळ्या आहेत.” काकांना ‘हो’ म्हणून गोळ्या घेतल्या. रियाझाची सोय झाली.

दोन गाण्यांमध्ये तो बोलतो. कल्याण-डोंबिवलीत वाढलेल्या या मुलाच्या तोंडी माइक आला की उच्चार थेट कॅलिफोर्नियाचे होतात. “मुंबाऽऽय! आर यू रेडी टू डाय?” मुंबई, म्हणजे बाराजण, उत्तर देत नाही. त्यांतले सात यांचेच मित्र, तीन पुढच्या बँडचे, एकजण चुकून लवकर आलेला आणि एकजण सुरक्षारक्षक. उरलेले पन्नास-साठ लांब बारपाशी हाताची घडी घालून उभे. त्यांच्यातून अधूनमधून मुख्य बँडच्या नावाचा पुकारा होतो. नायक तो आपल्यासाठीच आहे असं धरून चालतो आणि छातीवर मूठ ठेवून वाकतो. “धिस नेक्स्ट वन इज अबाउट डिस्ट्रक्शन.” आधीचंही त्यावरच होतं.

शेवटच्या गाण्याला तो वॉल ऑफ डेथ मागतो. प्रेक्षकांचे दोन भाग पाडायचे, मधे मोकळी जागा, आणि खूण होताच दोन्हीकडच्यांनी एकमेकांवर तुटून पडायचं. युरोपातल्या मोठ्या मेटल महोत्सवांत यासाठी हजारो माणसं लागतात. इथे सहा इकडे आणि पाच तिकडे. सुरक्षारक्षकाने नम्रपणे नकार दिला. खूण झाली, अकराजण धावले, मधोमध भिडले, एकाचा चष्मा पडला. ताबडतोब सगळे थांबले, मोबाइलचे दिवे लावून चष्मा शोधला, पुसून त्याला घातला, “लागलं का रे?” विचारलं, आणि मग पुन्हा मारामारी सुरू केली. वर उठलेल्या हातांची तर्जनी आणि करंगळी ताठ. बाहेरच्यांना ती सैतानाची खूण वाटते. रॉनी जेम्स डिओने ती मेटलमध्ये रूढ केली आणि तो सांगायचा की आपली इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून बोटं अशी धरायची. म्हणजे अकरा माणसं मिळून नायकाची दृष्टच काढत होती. गरज होती.

हा सगळा थाट बघून कोणी विचारलंच की बाबा रे, आधी येऊन एवढं कशाला, तर त्याच्याकडे इतिहास तयार असतो. ३१ डिसेंबर १९७३, न्यू यॉर्कची अॅकॅडमी ऑफ म्युझिक. ब्लू ऑयस्टर कल्टच्या कार्यक्रमात तळाला ‘किस’ नावाचा नवखा बँड. त्यांच्या जीन सिमन्सने तोंडातून आगीचा लोळ काढला आणि स्वतःचेच केस पेटवून घेतले. पुढे किसच्या आधी वाजवायला १९८० मध्ये युरोपात कोण होतं? आयर्न मेडन. १९८४ मध्ये व्हेनमच्या आधी कोण होतं? मेटॅलिका. १९७८ मध्ये ब्लॅक सॅबथच्या आधी कोवळे व्हॅन हेलन असे वाजवायचे की त्यांच्यानंतर स्टेजवर जाणं सॅबथला जड जायचं. आणि १७ मार्च २००७ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडनच्या आधी आपल्या दिल्लीचा ‘परिक्रमा’ वाजवून गेला, तो त्याच वर्षी इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात पोचला.

पण त्याचा खरा देव ‘ग्वार’. ही गोष्ट सांगताना उरलेलं काजळही पाझरतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला १९८४ च्या सुमारास डेव्ह ब्रॉकीचा ‘डेथ पिगी’ नावाचा पंक बँड होता. शेजारी कलाशाळेतली मुलं एका अंतराळपटासाठी रबरी चिलखतं आणि राक्षसी मुखवटे बनवत होती. ब्रॉकीने गंमत म्हणून ते पोशाख चढवले आणि परग्रहावरच्या रानटी लोकांचा एक खोटाच ओपनिंग बँड स्वतःच्याच बँडच्या आधी उभा केला. झालं असं की लोक तो खोटा बँड बघायचे आणि खरा सुरू झाला की घरी जायचे. शहाण्याने घ्यायचा तो धडा ब्रॉकीने घेतला. डेथ पिगी संपला, ग्वार अजून चालू आहे आणि आजही पहिल्या रांगांवर पिचकाऱ्यांनी खोटं रक्त उडवतो.

नायकाचं सैतानपण सात वाजून सदतीस मिनिटांनी संपतं. साउंडवाल्याने मनगटावर टिचकी मारली, की अर्धवट राहिलेल्या गाण्यातून तो थेट “थँक यू, ड्राइव्ह सेफ” वर येतो. स्टेज मॅनेजर हाक मारतो, “बेटा, ते सिरप पुसून जा, पुढे वायरी आहेत.” आणि मग जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं. खिळ्यांचे पट्टे घातलेला, ओघळलेल्या चेहऱ्याचा नरकदूत गुडघ्यांवर बसून, घरून आणलेल्या पंचाने स्टेज पुसत असतो. फळ्यांच्या फटीतलं राहिलं म्हणून परत ओला पंचा फिरवतो. वायर गुंडाळणाऱ्या पोराला “दादा, पाय उचला जरा” म्हणतो. मुख्य बँडचा गिटारिस्ट शेजारून जाताना “गुड सेट, ब्रो” म्हणतो. त्याने एकही गाणं ऐकलेलं नसतं, पण हे वाक्य पुढची सहा वर्षं बँडच्या माहितीपत्रकात राहतं.

मानधन विचारू नका. मानधनाला इथे एक्स्पोजर म्हणतात. मोठ्या परदेशी दौऱ्यांत तर कधीकधी ओपनिंग बँडच पैसे भरून जागा विकत घेतो. इथे तेवढं नाही. नुसता टॅक्सीचा खर्च अंगावर पडतो, आणि टी-शर्टांच्या टेबलावर एक्सएल मापाचे चौदा उरतात, कारण मित्र सगळे मीडियम आहेत. फोन वाजतो. “झालं का रे? किती लोक होते? जेवलास का?” पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो खरं देतो. मग सामान एका कोपऱ्यात लावून, तोंड न धुता, सरळ पहिल्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि मुख्य बँडच्या प्रत्येक गाण्याला गळा फाडून साथ देतो. ज्यांच्यासाठी त्याचा अर्धा वेळ कापला गेला, त्यांचा त्याच्याहून निष्ठावंत श्रोता त्या मैदानात नसतो.

याला आचरट म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि आचरटपणा आहेच. पण हिशेब मांडून पाहा. निम्मे दिवे, बावीस मिनिटं, साडेतीन फुटांचा पट्टा, आणि समोर जे आहेत ते दुसऱ्या कोणासाठी तरी आलेले. अशा ठिकाणी माफक वागणारा माणूस दिसलाच नसता. मुख्य बँडला संयम परवडतो, कारण लोक त्यांच्यासाठी थांबतात. याला प्रत्येक नजर बारपासून ओढून आणावी लागते, तीही मुंग्या चावत असताना.

तेव्हा पुढच्या वेळी मेटलच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलंत तर साडेआठची वाट बघू नका. गेट उघडलं की आत या, बार सोडा, पुढे जा. कानात बोळे घाला हवं तर, पण उभे राहा. वॉल ऑफ डेथला एका बाजूला पाचच जण आहेत, एक माणूस कमी पडतोय. सव्वासातला आलात काय आणि साडेआठला आलात काय, तिकिटाचे पैसे तेवढेच लागतात.